न धरलेले चेंडू

कोंचोच्या, म्हणजे वाटेत माणसं घेत जाणाऱ्या टॅक्सीच्या, मागच्या बाकावर चौघांतला चौथा होऊन, एक मांडी दाराला आणि दुसरी शेजारणीच्या पिशवीखाली अशा बेतानं बसलेल्या सिंदो मोकेतेनं त्या रविवारी दुपारी रेडिओवर ऐकलं की आपण मेलो आहोत. बातमी अशी नव्हतीच ती. संध्याकाळच्या बेसबॉल सामन्याबद्दल बोलता बोलता लिसांद्रो समालोचक सहज म्हणाला, "बगळ्यांकडे यंदा धड डावखुरा पिचर नाही हो. तो आपला मोकेते होता, देव त्याच्या आत्म्याला शांती देवो, तसा एखादासुद्धा नाही." आणि लगेच रमची जाहिरात लागली. ड्रायव्हरनं स्टीअरिंग सोडून छातीवर क्रूस काढला. पुढच्या सीटवरच्या दोघांनी काढला. शेजारणीनं पिशवी सावरून काढला. चारचौघांत बरं दिसत नाही म्हणून सिंदोनंही काढला. त्याच्या पायांशी जी थैली होती तिच्यात त्या बगळे संघाचाच गणवेश होता, धुतलेला, एर्सिलियानं इस्त्री केलेला, पाठीवर मोठ्या अक्षरांत मोकेते लिहिलेला.

"गेला होय?" शेजारीण म्हणाली. म्हातारी होती, रविवार असूनही केसांत रोलर. "मला कुणी सांगितलं नाही ते."

"झाले की पुष्कळ दिवस," ड्रायव्हर म्हणाला. "निकाराग्वात गेला. यकृत."

"यकृत कसलं, हृदय," पुढचा जाडा म्हणाला. "आणि कोलंबियात. माझा मेव्हणा होता तिथे."

आपण दोन्ही देशांत खेळलो आहोत, तेव्हा दोघांचंही म्हणणं अगदीच निराधार नाही, असं सिंदोला वाटलं.

"हात मात्र सोन्याचा," ड्रायव्हर म्हणाला.

"हात होता, पण त्या हाताला लगाम कुठे होता?" म्हातारी म्हणाली. "एकदा चेंडू टाकला तो थेट शेंगदाणेवाल्याच्या टाळक्यात."

"मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, आजी."

"वाईट कुठे बोलते? शेंगदाणेवाला माझा सख्खा भाऊ होता. जन्मभर लोकांना खूण दाखवायचा. मोकेतेची आठवण म्हणून."

मी इथे आहे, असं सांगायला सिंदोनं तोंड उघडलं आणि तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं की आता सांगणं फार जड जाईल. क्रूस काढून बसलेल्या माणसानं मागाहून मीच तो म्हणायचं म्हणजे आधी त्या क्रूसाचा खुलासा करावा लागणार. शिवाय 'हात सोन्याचा' हे शब्द त्यानं जिवंतपणी कधी ऐकले नव्हते. मैदानापाशी तो उतरला तेव्हा म्हातारी म्हणाली, "दार हळू लाव हो, बाळा." त्यानं हळू लावलं. पुढे कितीतरी वेळ, तिकीटवाल्यांच्या आणि तळणवाल्यांच्या गर्दीतून चालताना, त्याच्या मनात एकच किडा वळवळत होता, की लिसांद्रो चुकला खरा, पण किती चुकला? डावखुऱ्यांचा तोटा नाही कुठे. व्हेनेझुएलात त्याच्यासारखाच कुणी मोकेते वारला असेल, नावं गळ्यात गळा घालून फिरतात. पण लिसांद्रो रोज मैदानात येतो, वरच्या खोलीत बसून कोंडवाड्याकडे दुर्बीण लावतो, आणि ऑक्टोबरपासून त्या बाकावर बसलेला सिंदो त्याला एकदाही दिसला नाही. जो दिसत नाही तो मेला, असं लिसांद्रोनं धरलं असेल तर त्यात त्याचा तरी काय दोष?

कोंडवाडा म्हणजे डावीकडच्या कुंपणामागची जाळी लावलेली जागा, जिथे बदली पिचर बसतात. तिथे एक बाक, एक पाण्याचा पिंप आणि भिंतीवर एक फोन. फोन वाजला की कोंडवाड्याचा प्रशिक्षक पापिन उचलतो, ऐकतो, आणि कुणाकडे तरी बोट करून म्हणतो, "ऊठ." मग उठायचं आणि हात गरम करायचा. परत फोन. "बस." मग बसायचं. सिंदोचं सगळं आयुष्य या दोन शब्दांत मावलं होतं. सुरुवात करणाऱ्या पिचरला सकाळपासून ठाऊक असतं की आज आपला दिवस. तो न्हातो, देवाचं नाव घेतो, सामना त्याच्या नावानं सुरू होतो. बदली पिचरला बोलावतात ते दुसऱ्यानं सांडलं की. त्यातूनही सिंदो असा बदली, की समोर नेमका एक डावखुरा बॅटर आला तर त्या एकापुरता बोलवायचा आणि मग पाठ थोपटून परत पाठवायचा. एवढ्यासाठी त्यानं जग पाहिलं होतं. मेक्सिकोत एका गावाच्या संघानं त्याला जुलैत घेऊन जुलैतच सोडलं, आणि सोडताना इतकं छान जेवण दिलं की तसं घेतलं तेव्हासुद्धा दिलं नव्हतं. उत्तरेत, बर्फाच्या मुलखात, त्याला इंग्रजीतला 'चिकन' हा एकच शब्द येत असल्यामुळे तो सबंध मोसम सकाळ-संध्याकाळ कोंबडी खात राहिला, आणि तिथल्या घरमालकिणीनं निरोप देताना प्रेमानं त्याला जी भेट दिली ती चिनीमातीची कोंबडी होती. इटलीत तर सामना बघायला आलेली माणसं मध्येच जेवायला निघून जायची. सगळीकडे त्याला घेताना म्हणायचे, डावखुरा आहे, असू द्या. सगळीकडे सोडताना म्हणायचे, डावखुरा आहे, कुठेही मिळेल काम. मिळायचंही. याचा त्याला पूर्वी अभिमान वाटे. हल्ली कधीकधी मात्र झोपेतून उठल्यावर आपण कोणत्या देशात आहोत हे समजायला छताकडे बघत राहावं लागे, आणि एर्सिलियाचं घोरणं ऐकलं की जिवात जीव येई.

एर्सिलिया ही त्याची बायको. वस्तीच्या तोंडाशी तिची तळणाची गाडी होती. चेपून तळलेली कच्ची केळी आणि सलामी सॉसेज, आणि रविवारी डुकराचं मांस. ती त्याला रागात 'मेल्या' म्हणायची आणि लाडातही 'मेल्या'च म्हणायची, फरक फक्त हातात झारा आहे की नाही त्यावरून कळायचा. मोसमाच्या सुरुवातीला, थैली भरताना, तिनं झारा हातात घेऊन सांगितलं होतं, "हे बघ मेल्या, तुझं वय झालं असं मी म्हणत नाही. गाडी ओढताना मला माझं कळतं. पण मी एकटी तळायची आणि तू लोकांच्या देशात बाक गरम करायचा, हे आता बस झालं. यंदा तू एक जरी चेंडू टाकलास, खरा, तर पुढल्या वर्षी कुठेही जा, मी थैली भरून देईन. नाही टाकलास तर इथे उभं राहायचं. केळी सोलायला डावा हात चालतो." सिंदोनं हसून शर्त मान्य केली. एक चेंडू! तिला ठाऊक नव्हतं, की कोंडवाड्यात हात गरम करताना टाकतात ते चेंडू हिशेबात धरत नाहीत. टेकाडावर, म्हणजे मैदानातल्या पिचरच्या उंचवट्यावर, गेल्यावर पंच सरावाचे म्हणून जे टाकू देतो तेही धरत नाहीत. समोर बॅटर उभा पाहिजे, त्याच्या हातात बॅट पाहिजे, तोच चेंडू धरतात. यंदा सिंदोनं कोंडवाड्यात इतके चेंडू टाकले होते की खांदा दुखून रात्री कूस बदलताना ओरडे. धरलेला त्यातला एकही नव्हता. आणि आज मोसमातला त्याचा शेवटचा दिवस होता. मॅनेजर डॉन ओनेसिमोनं कालच त्याला बोलावून, दाराआड उभा करून, फार मायेनं सांगितलं होतं, "पोरा, परवा अमेरिकेहून एक जण येतोय. तरणा आहे. तुझं कपाट लागेल त्याला." सिंदो म्हणाला, "उद्याचा सामना?" डॉन ओनेसिमो म्हणाला, "उद्याचा आहे ना. गरज लागली तर." गरज लागणार नाही हे दोघांनाही माहीत होतं, म्हणून दोघेही थोडा वेळ फळ्यावरच्या नावांकडे बघत राहिले.

कपडे बदलायच्या खोलीत तो शिरला तर पापिननं दार अडवलं. "मृतांना मागच्या दारानं," तो म्हणाला. रेडिओ सगळ्यांनीच ऐकला होता. कुणी त्याच्या स्टुलावर मेणबत्ती लावली होती, कुणी बुटांत शेवंतीचं फूल खोचलं होतं. कॅचर बिएन्वेनिदो, जो सिंदोइतकाच जुना होता आणि ज्याचे गुडघे पायऱ्या चढताना वाजत, तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "गेलेला माणूस चांगला होता. माझ्याकडून उसना घेतलेला टॉवेल मात्र बरोबर घेऊन गेला." सगळे हसले, सिंदोही हसला. यांच्या हसण्यात दुष्टपणा नव्हता, हेच त्याला खुपलं. उद्या मी नसेन तेव्हा हे इतकंच हसतील, आणि मग जेवायला जातील, असं त्याला वाटलं, आणि त्याला एकाएकी, तहान लागावी तशी, एक चेंडू टाकायची इच्छा झाली. शर्तीसाठी नव्हे. पुढच्या वर्षासाठीही नव्हे. फक्त एवढ्यासाठी, की शेवटचं जे करायचं ते बसणं असू नये.

सामना बरोबरीत रखडला. दिवस कलला, नदीकडचा वारा पडला आणि डास आले. त्या मैदानात डास संध्याकाळच्या सुमाराला असे येतात की खेळाडू चेंडूकडे बघायचे सोडून स्वतःला थापडा मारत असतात. उत्तरेकडचे कोंबडे, म्हणजे कोंबडे नावाचा संघ, याच वेळेला घाबरतो, त्यांच्या डोंगरात डास नाहीत. आठव्या डावात कोंबड्यांचे दोन जण बाद झाले होते, तिसरा बाद झाला की डाव संपणार होता, पहिल्या बेसवर त्यांचा एक चपळ पोरगा उभा होता, आणि पुढचा बॅटर उजवा होता. फोन वाजला. पापिननं उजव्या हाताच्या पिचरला उठवलं. मग त्याच्या मनात काय आलं कोण जाणे, सिंदोकडे बघून म्हणाला, "तूही ऊठ. बसून पाय आखडतील." मेहेरबानीच ती. सिंदो उठला, हात गरम करू लागला, न धरलेल्यांत आणखी थोडे. तिकडे डॉन ओनेसिमो दमलेल्या पिचरकडून चेंडू घ्यायला टेकाडाकडे निघाला. मॅनेजर निघाला की वाटेतच तो पंचाला खूण करतो: उजव्या हातावर थाप म्हणजे उजवा पिचर हवा, डाव्या हातावर थाप म्हणजे डावखुरा. एकदा खूण झाली की झाली. आलेल्याला एका तरी बॅटरला तोंड दिल्याशिवाय, नाहीतर डाव संपल्याशिवाय, परत जाता येत नाही. डॉन ओनेसिमो मैदानाच्या मध्यावर आला, थबकला, आणि त्यानं आपल्या डाव्या दंडावर फाडकन थाप मारली. पंचानं कोंडवाड्याकडे डावा हात केला.

"नाही! नाही!" डॉन ओनेसिमोचा आवाज कोंडवाड्यापर्यंत आला. "डास होता!"

"मला थाप दिसली," पंच म्हणाला.

"अरे बाबा, हे बघ, रक्त!"

"डासाची साक्ष मी काढू कशी, डॉन ओनेसिमो? थाप डाव्या हातावर पडली. डावखुरा यायचा."

पापिननं जाळीचं दार उघडलं. "जा," तो म्हणाला. "देवानं पाठवलाय डास." आणि सिंदो त्या हिरव्या गवतावरून चालू लागला. मोठ्या दिव्यांखालून चालताना त्याला ऐकू आलं ते काही वेगळंच होतं. टाळ्या नव्हत्या, शिट्या नव्हत्या, तर एक मोठं कुजबुजणं होतं, आणि पहिल्या रांगेतली एक बाई उभी राहून क्रूस काढत होती. टेकाडावर डॉन ओनेसिमो दंड चोळत होता. त्यानं चेंडू सिंदोच्या हातात दिला, पण लगेच सोडला नाही. "मी तुला बोलावलं नाही," तो म्हणाला. "ठाऊक आहे," सिंदो म्हणाला. दोघांचं यावर एकमत झालं आणि डॉन ओनेसिमो परत गेला.

सरावाचे चेंडू त्यानं टाकले. बिएन्वेनिदोनं ते घेतले, गुडघे वाजवत पुढे आला, म्हणाला, "आतल्या बाजूला वळणारा टाक. उजवा आहे, फार वळवू नकोस. आणि टॉवेल विसरू नकोस." मग बॅटर आत आला. हातात बॅट. सिंदोनं श्वास घेतला. आता जो टाकेन तो धरतील. या विचारानं त्याच्या बोटांना चेंडूची शिवण नव्यानं जाणवली, लहानपणी मोज्याचा चेंडू करून खेळताना जशी गाठ जाणवे तशी. एकच टाकायचा होता त्याला. मारला तरी चालेल, कुंपणाबाहेर गेला तरी चालेल, शेंगदाणेवाल्याच्या डोक्यात गेला तरी चालेल. तो बाजूला वळून उभा राहिला, डावखुरा उभा राहतो तसा पहिल्या बेसकडे तोंड करून, आणि तिथेच घोटाळा झाला. बेसवरचा पोरगा त्याच्याकडे बघत होता. तोंड उघडं. बेसपासून चार पावलं पुढे, आणि पुढचा बेस चोरायचं भान नाही, पळायचं भान नाही, नुसता डोळे फाडून. कोंबड्यांच्या बसमध्येही रेडिओ असतो. सिंदोनं ते पाहिलं आणि जन्मात पहिल्यांदा त्याच्या मनात आलं, न पाहिल्यासारखं करावं. कुणाला कळणार? चेंडू बेसवर फेकून याला उडवला की डाव संपला. डाव संपला की आपण संपलो, एकही चेंडू न टाकता. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात ते असं उघड्या डोळ्यांनी व्हायचं? त्यानं मान फिरवली. ठरलं. बॅटरला टाकायचा. आणि मान फिरवता फिरवता डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्याला दिसलं की पोरगा क्रूस काढतोय. कपाळ, छाती, डावा खांदा... हळूहळू, मनापासून, डोळे मिटून. याचा मात्र सिंदोला राग आला. दुपारपासून जो तो त्याच्या नावानं क्रूस काढत होता, आणि त्यानं सहन केलं होतं, पण आता तो हातात चेंडू घेऊन उभा होता. अरे, मी उभा आहे इथे! उजव्या खांद्यापर्यंत पोराचा हात पोचायच्या आत चेंडू पहिल्या बेसवर गेला होता. बेसवाल्यानं त्याला हळूच, झोपलेल्याला उठवावं तसं, हातमोजा लावला. पंचाची मूठ वर गेली. आणि सगळं मैदान असं ओरडलं की डासही क्षणभर उठले असतील. सिंदो टेकाडावर उभाच होता. अजून बॅटर समोर होता, हातात बॅट घेऊन, निघून जाण्यापूर्वी जरा संकोचलेला, लग्नाच्या जेवणाला येऊन पंगत उठलेली बघणाऱ्या पाहुण्यासारखा.

त्याच डावाच्या उत्तरार्धात बगळ्यांनी एक धाव काढली, नवव्यात उजव्या पिचरनं ती राखली आणि सामना जिंकला, आणि नियमाप्रमाणे, आघाडी मिळाली तेव्हा ज्याच्या नावावर टेकाड होतं तो जिंकलेला पिचर, म्हणून विजय सिंदो मोकेतेच्या नावावर लागला. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. डॉन ओनेसिमोनं गालाचा मुका घेतला, कपाट रिकामं झालेलं पाहिलं, आणखी एक मुका घेतला. बेसवाल्यानं तो चेंडू आणून दिला. "चेंडू न टाकता सामना जिंकलास, सिंदो!" सगळे सांगत होते, जणू त्याला हे माहीत नव्हतं. टॉवेल त्यानं बिएन्वेनिदोच्या खुंटीला लावून ठेवला.

वस्तीच्या तोंडाशी कोंचोतून उतरला तर एर्सिलियाच्या गाडीपाशी गर्दी. काळे शर्ट घातलेली शेजारपाजारची माणसं हातात केळ्यांचे द्रोण घेऊन उभी होती. त्याला बघताच ती दूर झाली, जरा ओशाळली, आणि खात राहिली. कोपऱ्यावरचा न्हावी तेओदुलो तर काळा टायसुद्धा लावून आला होता.

"दुपारी रेडिओवर तू मेलास," एर्सिलिया म्हणाली. तिनं वर पाहिलं नाही, कढईत झारा चालू होता. "मी म्हटलं, मेला कसला, आत्ताच तर भात चापून गेलाय. पण लोक यायला लागले. सांत्वनाला आलेला माणूस रिकाम्या पोटी कसा पाठवायचा? सगळी सलामी संपली. मग संध्याकाळी तोच लिसांद्रो ओरडायला लागला, जिवंत आहे, जिवंत आहे, माफी असावी. तरी यातला एकही हलला नाही."

"जिंकलो मी," सिंदो म्हणाला.

"ऐकलं. ते म्हणाले, एकही चेंडू न टाकता." तिनं झारा ठेवला. आता तिनं त्याच्याकडे पाहिलं, आणि ती हसत नव्हती. "खरं का रे?"

खोटं बोलता आलं असतं. रेडिओवर दुपारी खोटं बोललेच होते. "खरं," तो म्हणाला. "कोंडवाड्यातले धरत नाहीत. सरावाचे धरत नाहीत. बेसवर फेकला तोही धरत नाहीत. समोर बॅटर लागतो. हरलो मी शर्त." आणि एवढं बोलून झाल्यावर त्याचा चेहरा काहीतरीच झाला असणार, कारण तेओदुलोनं नकळत टाय सैल केला आणि माणसं द्रोणात बघू लागली. इतकी वर्षं लोकांच्या देशात लपवलेलं रडू आपल्याच गल्लीत, तळणाच्या वासात आलं होतं.

एर्सिलियानं हात झग्याला पुसले. थैलीतून त्याचा हातमोजा काढला, आणि गाडीमागच्या भिंतीशी जाऊन, झगा सावरून, उकिडवी बसली. "कुणी बॅटर लागतो म्हणालास ना? तेओदुलो, तो गाडीखालचा झाडू उचल."

"मी? मी तर सांत्वनाला आलोय, बाई."

"खाल्लीस ना केळी? मग उभा राहा."

तेओदुलो टाय खांद्यावर टाकून झाडू धरून उभा राहिला. गल्ली मागे सरली. सिंदोनं चेंडू हातात फिरवला, शिवण सापडली. "लागेल तुला, एर्सिलिया."

"तुझा वेग मला ठाऊक आहे. टाक ना, मेल्या!"

त्यानं टाकला. चेंडू तेओदुलोच्या दिशेनं गेला, शेवटच्या क्षणी मन बदलल्यासारखा आत वळला, झाडू हवेत सपकन फिरला, आणि एर्सिलिया मोज्यासकट मागे भिंतीवर आपटली. मग तिनं मोज्यात डोकावून पाहिलं.

"हा धरला," ती म्हणाली. "आता हात धू, आणि केळी सोलायला बस."